धाव, जीप आणि आठशे किलो

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जी लोखंडी पट्टी असते तिला मराठीत 'धाव' म्हणतात. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो, शेणींच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतो, फुगलेली धाव चाकावर बसवतो आणि लगेच पाणी ओततो. थंड होताना ती आकसते आणि सगळं चाक, आऱ्यांपासून तुंब्यापर्यंत, आवळून धरते. इंग्रजीतला 'टायर' हा शब्दही मुळात या लोखंडी पट्टीसाठीच होता; रबर त्यात फार उशिरा आलं. म्हणजे टायरचं पहिलं काम बसणाऱ्याला आराम देणं हे नव्हतं. ओझ्याखाली चाक उकलू न देणं, हे होतं.

ही गोष्ट लक्षात ठेवली तर आजचा एक साधा, बाजारातला प्रश्न जरा नीट कळतो. एसयूव्हीला टायर कुठले घालावेत? मोटारीचे, म्हणजे 'पॅसेंजर'? की छोट्या ट्रकचे, म्हणजे ज्यांच्या कडेवर 'एलटी' अशी खूण असते ते 'लाइट ट्रक'? दोन्ही एकाच मापात मिळतात, एकाच रिमवर बसतात, आणि दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर एलटी साहजिकच दणकट दिसतो. नक्षी खोल, कड जाड, वजन जास्त.

माझ्यासाठी हा प्रश्न हौसेचा नव्हता. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, आईवडील मालवण तालुक्यात राहतात. घरची गाडी २१५/७५ आर १५ मापाच्या टायरवर चालते आणि आईच्या तपासणीसाठी दर महिन्याला कणकवली, फोंडा घाट, राधानगरी करत कोल्हापूरला जाते. जुलैतही जाते. बाबांचं मत पक्कं होतं: "एलटीच घाल. गाडी तुझी, पण रस्तो आमचो." टायरवाल्याचं मत तितकंच पक्कं होतं, आणि ते नेमकं उलट होतं. दोघांपैकी एकालाही मूर्ख ठरवता येत नव्हतं. वाचत गेलो तसं लक्षात आलं की ते दोघं एकाच टायरबद्दल बोलतच नव्हते. एक जण एका काळच्या रस्त्याबद्दल बोलत होता, दुसरा दुसऱ्या काळच्या.

आधी समुद्र, मग रस्ता

दक्षिण कोकणात चाक उशिरा आलं, कारण त्याची गरज फारशी नव्हती. माल आणि माणसं पाण्यावरून जात. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. पुढे मुंबईहून आगबोटी येऊ लागल्या. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची. घाटावर जायचं तर पायी, डोलीतून किंवा लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. बैलाच्या पाठीला टायर लागत नाही.

चाकाचा मोठा रस्ता झाला तो फौजेच्या आणि व्यापाराच्या गरजेतून. वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीपर्यंत पोचवायचा होता. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सावंतवाडीवरून आंबोलीचा घाटरस्ता काढला. आंबोली हे गाव वाढलं तेही या वाटेवरचा मुक्काम म्हणून. पुढे १८८०च्या दशकात मुरगाव बंदरातून रेल्वे निघाली, व्यापार तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याची रया गेली. रस्ता मात्र राहिला.

तो ज्या जमिनीवर राहिला ती जमीन वेगळी आहे. फ्रान्सिस बुकानन यानं १८०७ साली केरळातल्या अशाच दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आपण त्याला जांभा म्हणतो आणि विटेसारखाच वापरतो. खाणीतून चिरे काढायचे, हवेवर सोडायचे, ते कडक होतात. घराला जांभ्यासारखा दगड नाही. रस्त्याला मात्र तो बरा नाही. उन्हाळ्यात त्याची तांबडी धूळ होते, पावसाळ्यात चिखल होतो, आणि मधला कठीण भाग खडबडीत सुळक्यांसारखा वर राहतो. त्यावर काळ्या दगडाची खडी टाकली की मऊ जमिनीत ती रुतते आणि तिच्या धारा वर येतात.

इथे रस्ते आणि चाकं यांच्या इतिहासातला एक चमत्कारिक भाग येतो. मॅकअ‍ॅडमच्या पद्धतीचा खडीचा रस्ता लोखंडी धावेला धार्जिणा होता. धाव खडी चिरडायची, तिची भुकटी व्हायची, पावसात ती भुकटी फटींमध्ये बसून रस्ता आवळला जायचा. ठराविक ओझं आणि मंद गती असेपर्यंत रस्ता वापरानं घट्ट होत असे. मग रबरी टायरची मोटार आली. वेगानं जाणारा हवेचा टायर ही भुकटी चिरडत नाही, ती ओढून बाहेर फेकतो. खडी सुटी पडते. ज्या टायरनं बसणाऱ्याला सुख दिलं त्यानंच त्याच्याखालचा रस्ता उसवला, आणि म्हणून डांबर आलं. डांबर आल्यावर उलटी तक्रार सुरू झाली: आता लोखंडी धाव डांबरी रस्ता कापते.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याचं, १८४५चं. ते कुणी फारसं वापरलं नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यानं तीच कल्पना पुन्हा शोधली आणि सायकलमुळे ती टिकली. याच डनलॉपच्या कंपनीनं १९३०च्या दशकात हिंदुस्थानात बैलगाडीसाठी रबरी टायर आणले. १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला तिचा कारखाना सुरू झाला. 'डनलॉपची गाडी' म्हणजे टायरची बैलगाडी, हा शब्दप्रयोग कित्येक ठिकाणी अजून ऐकू येतो. त्याच सुमारास देशात पहिल्यांदा रस्त्यांचा एकत्र विचार झाला. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. समितीच्या शिफारशीनंतर १९२९ साली पेट्रोलवरच्या करातून रस्ते निधी उभा राहिला. १९४३ साली नागपूरला देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची उतरंड तिथे ठरली. कोकणातला वाडीवरचा रस्ता त्या उतरंडीच्या तळाशी होता. पुढची चाळीस वर्षं तो तिथेच राहिला.

जीप: मोटार की ट्रक?

दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेल्या विलीज जीपला ६.००-१६ मापाचे सहा प्लायचे टायर असत. प्लाय म्हणजे कापडाचा पदर. सुरुवातीला टायरमध्ये सुती कापडाचे जितके पदर तितके प्लाय, असा सरळ हिशोब होता. पुढे रेयॉन, नायलॉन आले, कमी पदरांत तितकीच ताकद मिळू लागली, आणि आकडा पदर मोजण्याऐवजी ताकद सांगू लागला. आजही एलटी टायरवर '६ पीआर', '८ पीआर' लिहिलेलं असतं. आत तितके पदर नसतात. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, सुती काळाच्या भाषेत सांगितलेली ताकद.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. तिचे वंशज कोकणात पोचले ते सरकारी गाड्या म्हणून, मग कंत्राटदारांच्या गाड्या म्हणून, आणि शेवटी 'वडाप' म्हणून. एसटी दिवसातून दोनदा यायची. मधल्या वेळात जीप, मग ट्रॅक्स, मग कमांडर, मग सुमो. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा कोकण रेल्वे सतरा वर्षं दूर होती. माणूस, मासळी, आंब्याच्या पेट्या, सिमेंटच्या गोणी आणि लग्नाचं बिऱ्हाड, हे सगळं एकाच गाडीतून जायचं.

बाबांनी त्या काळात एका आंबा व्यापाऱ्याची जीप चालवली. कागदावर आठ-नऊ माणसांची गाडी. आत किती असायची, ते मोजण्याची पद्धत नव्हती. ते म्हणतात, "गाडी माणसां बघून भरतत, टायर बघून नाय." मोसमात माणसं उतरली की पेट्या चढायच्या. ही गाडी आरटीओच्या लेखी प्रवासी होती आणि कामाच्या लेखी ट्रक होती. तिला ट्रकचे टायर लागत, यात अडाणीपणा काही नव्हता.

शिवाय त्या काळी निवडीला दुसरा पर्यायही नव्हता. टायर म्हणजे नायलॉन: आतले पदर तिरपे, एकमेकांवर आडवे गेलेले. मिशलँनं रेडियलचं पेटंट १९४६ साली घेतलं होतं. त्यात पदर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. भारतात जेके टायरनं १९७७ साली रेडियल आणला. मोटारींनी तो हळूहळू स्वीकारला. मालवाहू गाड्यांनी मात्र कित्येक वर्षं दूर ठेवला. कारणं खरी होती. रेडियलची कड पातळ आणि लवचीक असते. तीच त्याच्या सुखद चालीचं कारण आणि तीच खडीच्या धारेला सापडते. नक्षीवर खिळा गेला तर पंक्चर काढता येतं. कड फाटली की टायर गेला. आणि नायलॉनचा टायर झिजल्यावर रिसोल करून पुन्हा चढवता यायचा, दोनदा तीनदा.

तर 'जाड टायर म्हणजे चांगला टायर' हा आमच्याकडचा समज अंधश्रद्धा नाही. तांबडा रस्ता, बेहिशोबी ओझं, पन्नासच्या आतला वेग आणि नायलॉनचा जमाना, या चार गोष्टींतून निघालेलं ते अचूक उत्तर होतं. यातल्या चारही गोष्टी बदलल्या तर उत्तर काय, इतकाच प्रश्न उरतो.

कायद्यानं जन्माला घातलेली गाडी

एसयूव्ही नावाचा संकर कोकणात गरजेतून झाला. अमेरिकेत तो बराचसा करांतून आणि नियमांतून झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपनं अमेरिकी कोंबड्यांवर जकात बसवली. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेनं १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली. कोंबड्यांचं भांडण मिटलं, जकात राहिली, आणि देशी ट्रक बनवणाऱ्यांना कुंपण मिळालं. १९७५ साली तेलटंचाईनंतर गाड्यांनी किती मैल दिलेच पाहिजेत याचा कायदा झाला. त्यात हलक्या ट्रकसाठी वेगळी आणि सैल मोजपट्टी ठरली. मग ट्रकच्या सांगाड्यावर मोटारीची बैठक ठेवून त्याला कायद्यानं 'ट्रक' आणि जाहिरातीत 'फॅमिली कार' म्हणणं फायद्याचं झालं.

टायरच्या कडेवरची अक्षरंही याच काळातली. १९७०च्या दशकात मापाआधी 'पी' म्हणजे पॅसेंजर आणि 'एलटी' म्हणजे लाइट ट्रक अशा दोन पद्धती तिथे रुळल्या. पण एसयूव्ही दोन्हीकडची होती. ट्रक म्हणून नोंदलेली, पण मऊ चालावी म्हणून मोटारीचा टायर घातलेली.

या दुहेरीपणाची किंमत कळली ती २००० साली. फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीला फायरस्टोनचे पी २३५/७५ आर १५ मापाचे, म्हणजे पॅसेंजर वर्गातले टायर होते. (एके काळी फायरस्टोनचा कारखाना आपल्या शिवडीलाही होता.) उन्हाळ्यात, भरधाव वेगात, दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत या टायरची नक्षी पोलादी पट्ट्यांसकट सुटून येऊ लागली आणि उंच गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २०००मध्ये ६५ लाख टायर परत मागवले गेले. अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्यानं या टायरांशी जोडलेले मृत्यू मोजले ते २७१.

त्यानंतर दोन कंपन्यांचं जे भांडण झालं त्यात एक आकडा सारखा येतो: २६. फोर्डनं टायरमध्ये २६ पीएसआय हवा भरायला सांगितली होती. फायरस्टोनचं म्हणणं, ३० हवी होती. फोर्डचं म्हणणं, टायरच सदोष होते. दोष कुणाचा किती यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण यंत्रणेपुरतं बोलायचं तर हवा कमी असली की कड जास्त वाकते, वाकली की तापते, तापली की रबर आणि पोलाद यांची पकड सुटते. ओझं वाढवलं तरी तेच होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेनं नवा कायदा केला. टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर जो पिवळा दिवा लागतो, तो तिथे सक्तीचा झाला तो या कायद्यामुळे.

अमेरिकी नियमांत आणखी एक बारीक कलम आहे, आणि या निबंधाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. पॅसेंजर टायर एसयूव्हीवर किंवा पिकअपवर घातला तर त्याच्यावर लिहिलेली क्षमता १.१०नं भागायची. कायदा म्हणतो, घाला हवं तर, पण ही गाडी मोटारीसारखी वागवली जाणार नाही हे आम्हाला माहीत आहे. तेवढी सूट आधीच ठेवा.

आपल्याकडेही गाडीचा आकार कायदा ठरवतो. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि पुढे कित्येक गाड्यांची शेपटं कापली गेली. २०१३ साली लांबी, इंजिन आणि जमिनीपासूनची उंची यांवरून एसयूव्ही कुणाला म्हणायचं ते ठरवून तिच्यावरचा कर वाढवला. टायरचं प्रमाणीकरण मात्र दोनच खणांत राहिलं. भारतीय मानक १५६३३ मोटारीच्या टायरसाठी, १५६३६ व्यापारी वाहनांच्या टायरसाठी. ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि घर्षण यांचे जे नियम २०२२ साली आले, त्यांतही सी१ म्हणजे मोटार, सी२ म्हणजे हलका ट्रक, सी३ म्हणजे ट्रक-बस, असे वेगळे वर्ग आणि वेगळे निकष आहेत. एसयूव्ही असा वर्ग टायरच्या जगात नाही. तिच्या मालकाला दोन खणांपैकी एक निवडावाच लागतो.

आठशे किलो, दोन प्रकारे

आता दोन टायर शेजारी ठेवतो. पहिल्यावर लिहिलंय: पी २१५/७५ आर १५ १०० एस. दुसऱ्यावर: एलटी २१५/७५ आर १५ १००/९७, सहा प्लायचा. यातला १०० हा आकडा भारांक आहे. तक्त्यात १०० म्हणजे ८०० किलो. दोन्हींवर तोच आकडा. (९७ हा जोडचाकांसाठी असतो, आपल्या कामाचा नाही.) म्हणजे इतका दणकट दिसणारा एलटी आणि साधा पॅसेंजर, दोघेही जास्तीत जास्त आठशे किलोच उचलतात.

फरक आहे तो कुठल्या हवेवर, यात. पॅसेंजर टायर आठशे किलो सुमारे ३५ पीएसआयवर उचलतो. एलटी ते उचलतो ५० पीएसआयवर. ओझं रबर पेलत नाही, पोलादही पेलत नाही. ओझं पेलते आत कोंडलेली हवा, आणि टायर ही तिला धरून ठेवणारी पिशवी आहे. एलटीची पिशवी जाड आहे कारण तिच्यात जास्त हवा कोंडायची आहे. ती न कोंडता नेहमीच्या ३५ वर चालवला, तर तोच दणकट एलटी पॅसेंजरपेक्षा कमी ओझं पेलतो.

आमच्याकडे नवे टायर चढवले की हवा तीच भरतात जी जुन्यांत होती. म्हणजे 'मजबुती'साठी एलटी घ्यायचे आणि प्रत्यक्षात गाडीची क्षमता कमी करून घाटात उतरवायची, असं नकळत घडू शकतं. उलट, ५० भरायची ठरवली तर दुसरी पंचाईत. आमच्या गाडीचं पूर्ण भरलेलं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. पॅसेंजर टायरचे चार गुणिले आठशे म्हणजे ३२००. अमेरिकी नियमाप्रमाणे १.१०नं भागले तरी दर टायरला ७२७ किलो, चारांचे २९०० पेक्षा थोडे जास्त. चारही चाकांवर भार सारखा नसतो, मागे जास्त येतो, हे धरूनही शिल्लक राहते. आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाताना गाडीत असतात दोन माणसं, एक पिशवी आणि एक पाण्याची बाटली. इतक्या हलक्या गाडीत ५० पीएसआय म्हणजे रिकामा ट्रक. तो रस्त्यावर बसत नाही, उडतो. टायरचा जमिनीला टेकणारा भाग लहान होतो. एलटीचं रबर सहसा झिजेला टिकावं म्हणून बनवलेलं असतं. मोटारीच्या चांगल्या टायरात ओल्या रस्त्यावर धरण्याचा विचार जास्त असतो.

आणि ओला रस्ता हा आमच्याकडे किरकोळ मुद्दा नाही. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. फोंड्याचा घाटही त्याच सह्याद्रीच्या भिंतीवर आहे. वळणावर डोंगरातून आलेलं पाणी, त्यावर धुकं, समोरून एसटी. तिथे ब्रेक दाबल्यावर गाडी दोन मीटर आधी थांबणं हे कड फाटण्यापेक्षा मोठं आहे. कड फाटली तर स्टेपनी आहे.

रस्ता कुणाचा

बाबांचा रस्ता कुठे गेला? सगळा गेलेला नाही. मुंबई-गोवा महामार्ग, जो आधी १७ होता आणि २०१०च्या नव्या क्रमांकांत ६६ झाला, तो खारेपाटणपासून झारापपर्यंत काँक्रीटचा चौपदरी झालाय. त्यावर पन्नासचा वेग कुणी ठेवत नाही. उन्हाळ्यात तासन्‌तास वेगानं चालणाऱ्या टायरला खडीच्या धारेची नाही, उष्णतेची भीती असते. एक्सप्लोररच्या टायरची गोष्ट तांबड्या रस्त्याची नाही, याच रस्त्याची आहे.

पण महामार्गावरून खाली उतरून वाडीकडे वळलं की शेवटचा तुकडा अजून जुना आहे. पावसात डांबर निघतं, खडी वर येते, जांभा दिसतो. बाबा बरोबर सांगतात, तिथे पॅसेंजरची कड एलटीइतकी टिकणार नाही. फक्त तो तुकडा साधारण पाऊण किलोमीटरचा आहे आणि तिथे गाडी वीसनं चालते. कोल्हापूरची फेरी त्याच्या कित्येक पट. मी पॅसेंजर रेडियल घेतले, महामार्गासाठीच्या साध्या नक्षीचे, आणि हवा चालकाच्या दाराजवळच्या चिकटपट्टीवर लिहिलीय तितकी. ती सकाळी, गाडी थंड असताना बघायची. बाबांना हे पटलं असं म्हणता येणार नाही. हवेचा मीटर मात्र त्यांनी स्वतः आणला.

याचा अर्थ सिंधुदुर्गात एलटीचं काम संपलं असा नाही. त्याचं काम वेगळं झालं आहे. जे ओझं पूर्वी एकाच जीपमध्ये जायचं ते आता वाटलं गेलंय. माणसं मोटारीत, माल पिकअपमध्ये. मार्च ते मे देवगड-मालवणच्या हापूसच्या पेट्या घेऊन रात्री वाशीला निघणारे पिकअप, सर्जेकोटहून बर्फातली मासळी नेणारे, चिरेखाणीवर फिरणारे, यांच्या पायात एलटीच पाहिजे आणि त्यात हवाही पन्नास-साठची पाहिजे. मोसमात कुणी आपल्या घरच्या एसयूव्हीत सीट पाडून पेट्या भरत असेल, होडीचं इंजिन मागे बांधून नेत असेल, तर त्यानं माझा हिशोब घेऊ नये. त्याची गाडी अजून जीपच आहे.

तारकर्ली-देवबागकडे पर्यटकांच्या गाड्यांवर मात्र हल्ली उंच नक्षीचे एलटी टायर दिसतात, ज्यांनी जांभ्याचा रस्ता पाहिलेला नाही आणि पाहणारही नाहीत. ते वाईट आहेत असं नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी ओझ्यासाठी बनलेले आहेत. आणि गंमत म्हणजे आता रबरही इथलंच होऊ लागलंय. केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी दोडामार्ग तालुक्यात रबराचे मळे लावले आहेत. जिथे जुन्या वाटेनं लमाणांचे बैल चढत असत त्याच सह्याद्रीच्या पायथ्याला झाडांच्या खोडाला वाट्या टांगलेल्या दिसतात.

मोटार आणि ट्रक यांमधली रेघ पुन्हा हलते आहे. विजेच्या गाड्या बॅटरीमुळे इतक्या जड झाल्या की पॅसेंजर टायरांतच नवा वर्ग काढावा लागला. २०२१ साली पिरेलीनं 'एचएल' म्हणजे 'हाय लोड' खुणेचा पहिला टायर आणला: दिसायला मोटारीचा, ओझ्याला जास्त. काही वर्षांनी दुकानात 'पी की एलटी' याऐवजी तिसराच प्रश्न विचारला जाईल. तोवर टायर घेताना नक्षी शेवटी बघावी. आधी कडेवरचा भारांक वाचावा, मग तो किती हवेवर दिला आहे ते वाचावं, आणि मग आपण खरोखर काय वाहतो ते प्रामाणिकपणे मोजावं. यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड आहे.